पीओच्या पाठीमागची बारीक अक्षरे

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये बसलो होतो. प्रेस खाली आली की धक्का जमिनीतून तळपायापर्यंत पोचायचा आणि टेबलावरच्या चहावर वर्तुळं उमटायची. मालकांनी परदेशी ग्राहकाची पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर, पुढे सरकवली. पुढच्या पानावर पार्ट नंबर, रेट, डिलिव्हरीच्या तारखा. मागच्या पानावर अटी, त्याही इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरावा लागला. सोळावं कलम : वाद झाल्यास लवाद सिंगापूरला, कामकाजाची भाषा इंग्रजी.

"हे वाचलंय का तुम्ही?"

"सर, ते वाचतं कोण? रेट अन् डिलिव्हरी बघायची, शिक्का मारायचा. माल रिजेक्ट झाला तर डेबिट नोट येते. सिंगापूर कशाला येतंय इथं?"

शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्यांचं खरं आहे. उरलेल्या एका वेळी मात्र ही ओळ फार महागात पडते. लवादाची जागा, वकिलांच्या भाषेत 'सीट', सिंगापूर ठरली की लवादावर देखरेख सिंगापूरच्या न्यायालयांची. 2012 च्या 'बाल्को' निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. आणि लवादाचा निवाडा झाला की 1958 च्या न्यूयॉर्क कराराच्या जोरावर तो वसुलीसाठी थेट इथल्या उच्च न्यायालयात दाखल होतो. भारताने हा करार 1960 मध्येच मान्य केला. तेव्हा वाळूजला कारखाने नव्हतेच. बजाजचा प्रकल्प सुरू झाला 1985 मध्ये. करार आधी आला, कारखाना नंतर.

ज्या सिंगापूरचं नाव त्या बारीक अक्षरांत आहे, तिथेच एप्रिल 2007 मध्ये एशियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे, वापरणारे आणि त्याचा निवाडा करणारे आशियाई लोक एका छपराखाली आणावेत, हा हेतू. पहिले अध्यक्ष जपानचे हिसाशी ओवाडा. ते पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचेही अध्यक्ष झाले. दर दोन वर्षांनी परिषद भरवायची अशी रीत : सिंगापूरनंतर टोकियो, बीजिंग, 2013 मध्ये नवी दिल्ली. 2011 पासून संस्थेचं स्वतःचं नियतकालिक निघतं. अमेरिकेतली अशीच संस्था 1906 ची. म्हणजे आपण 101 वर्षं उशिरा जागे झालो. एवढ्या उशिराने काय बिघडलं, याचं उत्तर शोधायला वाळूजकराला फार लांब जावं लागत नाही.

नगर रस्त्याने पुढे निघालं की कायगावला गोदावरी लागते. पलीकडे टोका आणि प्रवरासंगम. आज पुलावरून ट्रकची रांग असते. 1948 पर्यंत ही नदी म्हणजे सरहद्द होती : अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे मुंबई इलाखा. पण ही सरहद्द दोन देशांमधली, की एकाच देशातल्या दोन कारभारांमधली? नेमका हाच प्रश्न हैदराबादने 21 ऑगस्ट 1948 रोजी तार करून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे टाकला. सनदेच्या 35 व्या कलमानुसार सदस्य नसलेलं 'राष्ट्र'सुद्धा तक्रार करू शकतं. हैदराबाद राष्ट्र होतं का? निजामाच्या बाजूने उत्तर तयार होतं : इंग्रज गेले, त्यांचं सार्वभौमत्व संपलं, आमचं आम्हाला परत मिळालं. भारताचं म्हणणं असं, की परराष्ट्र व्यवहार हैदराबादने कधी केलेच नाहीत, तेव्हा हा आमचा घरचा मामला.

13 सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. दोन-तीन दिवसांत औरंगाबाद, म्हणजे आजचं संभाजीनगर, हाती आलं. 16 ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हा विषय 8 विरुद्ध 0 मतांनी कामकाजावर घेतला. तीन सदस्य तटस्थ राहिले. अधिकारक्षेत्राचा निर्णय राखून ठेवला. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, भारतातर्फे ए. रामस्वामी मुदलियार. 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. ती तारीख आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदनाने साजरी करतो, पण त्याच्या आदल्याच दिवशी आपल्या गावांवर पॅरिसमध्ये मतदान झालं होतं, हे मला तरी शाळेत कोणी सांगितलं नाही.

पुढची वादावादी कुठे झाली, तर अमेरिकेच्या त्या 1906 वाल्या संस्थेच्या नियतकालिकात. 1949 मध्ये तारकनाथ दास यांनी हैदराबादच्या दर्जावर लिहिलं. नाव भारतीय, पण मुक्काम अमेरिकेत. 1950 मध्ये क्लाइड ईगल्टन यांचा लेख आला. निजामाचे घटनात्मक सल्लागार होते वॉल्टर मंकटन, म्हणजे इंग्रज वकील. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीने नदी ओलांडून पलीकडे गेलेल्या माणसांची साक्ष या चर्चेत कुठून येणार? ती ज्या भाषेत होती, ती भाषा त्या टेबलावर नव्हतीच.

या प्रकरणाचा एक धागा तर 2019 पर्यंत लोंबकळत राहिला. 20 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबादच्या खात्यातून 10 लाख 7 हजार 940 पौंड आणि 9 शिलिंग लंडनमधले पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावे वळवले गेले. निजामाने ते परत मागितले. 1957 मध्ये ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने हात वर केले : परक्या सार्वभौम राष्ट्रावर इथे दावा चालत नाही. पैसे बँकेत पडून व्याज खात राहिले. 2013 मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा लावला आणि ते कवच आपल्याच हाताने उतरवलं. 2 ऑक्टोबर 2019 ला निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला, तेव्हा रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. तो नऊ शिलिंगांचा हिशेब मला फार आवडतो. राज्य बुडत असतानाही कारकुनाने चिल्लर सोडली नाही.

आशियाने काहीच केलं नाही असं नव्हे. बांडुंग परिषदेच्या पाठोपाठ 1956 मध्ये भारतासह सात देशांनी आशियाई कायदा सल्लागार समिती काढली. पुढे आफ्रिका जोडली गेली आणि तिचं मुख्यालय आजही दिल्लीत आहे. 1959 मध्ये कृष्ण मेनन यांच्या पुढाकाराने इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ उभी राहिली. पण समिती सरकारांची आणि दिल्लीची सोसायटी एका देशाची. प्राध्यापक आणि वकील सरकारी टोपी न घालता सीमेपलीकडच्या सहकाऱ्याशी भांडू शकतील, अशी जागा 2007 पर्यंत फारशी नव्हती. युरोप, अमेरिका, आफ्रिका या तिन्ही खंडांत मानवी हक्कांची प्रादेशिक न्यायालयं आहेत, आशियाचं नाही. एशियन सोसायटी ती उणीव भरून काढेल असं मला वाटत नाही. परिषदा होतात, निबंध वाचले जातात, सगळं इंग्रजीत. तरीही आपली बाजू आपल्या नियतकालिकात छापून आली, तर पुढचा वकील तिचा हवाला देऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कायद्यात हवाला ही मोठी गोष्ट असते; हेगच्या न्यायालयाच्या संविधीत नामांकित विद्वानांच्या लेखनालाही, दुय्यम का होईना, साधन म्हणून जागा दिलेली आहे.

कायद्यातल्या व्याख्या दुसऱ्यांनी ठरवल्या की काय होतं, याचा अनुभव वाळूजच्या पदरी आहे. 1999 मध्ये युरोपीय संघाने भारतातून जाणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मवर काउंटरव्हेलिंग ड्युटी, म्हणजे सरकारी अनुदानाचा फायदा पुसून टाकणारं शुल्क, बसवली. उत्पादकांत वाळूज-चिकलठाण्याची गरवारे पॉलिएस्टरही होती. निर्यातीसाठी सवलतीच्या शुल्कात यंत्रं आणण्याची आपली योजना ब्रसेल्सच्या हिशेबात अनुदान ठरली. सवलत म्हणजे काय आणि अनुदान म्हणजे काय, ही व्याख्या ज्याच्या हातात, त्याच्या हातात भाव.

हे सगळं मी त्या प्रेस शॉपमध्ये सांगितलं नाही. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. कांचनवाडीला आता राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथल्या एखाद्या मुलाला कागद दाखवा, एवढं म्हणालो.

मालकांनी पीओ उलटी केली. सोळाव्या कलमाभोवती बॉलपेनने गोल काढला.

"सिंगापूर खोडून संभाजीनगर लिहा म्हटलं तर ऐकतील का?"

"मुंबई मागून बघा."

त्यांनी क्षणभर विचार केला, ड्रॉवर उघडला आणि पान सुलटं करून पुढच्या बाजूला शिक्का मारला.