पोराच्या तोंडाचा वास घेऊन निदान होत नाही

राळेगणसिद्धी म्हटलं की बंद पडलेल्या भट्ट्या आठवतात. १९७५च्या सुमारास अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा पारनेर तालुक्यातल्या या दुष्काळी खेड्यात हातभट्टी हाच अनेक घरांचा धंदा होता. भट्ट्या बंद झाल्या. तरीही पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून चोपलं गेलं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला की दुकान बंद, ही ‘आडवी बाटली’ही राज्याच्या नियमांत आली. दारूचं दुकान कसं बंद करायचं, हे नगर जिल्ह्याला ठाऊक आहे. पण सोळा वर्षांच्या पोराचं पिणं आजाराकडे निघालंय का, हे मोर्चाने कळत नाही आणि माराने तर नाहीच. मार बसला की पोरगं फक्त लपवायला शिकतं.

आपल्याकडे सौम्य बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. कायदा वरातीत आणि जत्रेत कितपत पोचतो, ते आपण बघतोच. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटात दारू घेणारे १.३ टक्के निघाले. आकडा लहान दिसतो, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेला उत्तर गोव्यातल्या पुरुषांचा अभ्यास त्याच्या पुढचं सांगतो. १९५६ ते ६० मध्ये जन्मलेल्यांत किशोरवयात सुरुवात करणारे सुमारे २० टक्के होते, १९८१ ते ८५ मध्ये जन्मलेल्यांत ७४ टक्के. आणि लवकर सुरुवात करणाऱ्यांत पुढे दारूचं अवलंबित्व जास्त आढळलं.

निदानाची अडचण अशी, की मोठ्यांची मोजपट्टी पोरांना नीट बसत नाही. २०१३पासून मानसोपचारात वापरात असलेल्या निकषांत ११ लक्षणं आहेत. वर्षभरात दोन-तीन दिसली तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र विकार. त्यातलं एक लक्षण म्हणजे तेवढीच नशा यायला जास्त दारू लागणं. पण पहिल्या वर्षा-दोन वर्षांत बहुतेक पोरांचं तसंच होतं, एवढ्यावरून आजार ठरत नाही. सोडायचा प्रयत्न फसणं हे दुसरं; पण ज्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही, तो सोडायला कशाला जाईल? हात थरथरणं या वयात क्वचितच दिसतं. यकृताच्या तपासण्याही बहुधा चांगल्याच येतात, कारण यकृत बिघडायला वर्षं लागतात. अहवाल बघून आई-वडील सुटकेचा श्वास टाकतात आणि इथेच फसगत होते.

म्हणून विचारावं लागतं, तेही पोराला एकट्याला बसवून. बाप शेजारी असला की उत्तर ठरलेलं: ‘नाही, कधीच नाही.’ लहान पोराला आधी मित्रांबद्दल विचारावं: तुझ्या ग्रुपमध्ये कोणी घेतं का? मग त्याच्याबद्दल. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बालरुग्णालयात तयार झालेली सहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. प्यायलेल्याच्या गाडीवर बसलास का, किंवा स्वतः पिऊन चालवलीस का? टेन्शन घालवायला किंवा ग्रुपमध्ये सामावायला घेतोस का? एकटा असताना? रात्री काय केलं ते सकाळी आठवत नाही, असं झालं का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? पिऊन कधी लफड्यात अडकलास का? दोन ‘हो’ आले की सविस्तर तपासणी करायची. गावोगावी दुचाकी पळवणाऱ्या आपल्या पोरांसाठी मला यातला पहिला प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. आजार होण्याआधीच जीव जातो तो तिथे.

‘हो’ आलं म्हणजे निदान झालं असंही नाही. दारूमागे उदासी आहे का, अभ्यासात लक्ष न लागण्याचा जुना त्रास आहे का, घरात कोणी पितं का, हे उकलावं लागतं. आणि जे बोलणं होईल ते जिवाला धोका नसेल तर घरी सांगणार नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच पोराला सांगायला हवं.

सरकारी रुग्णालयांतल्या किशोरांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये हे बोलणं होऊ शकतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं. सौम्य पिण्याला बऱ्याचदा थोडक्या भेटींतलं समुपदेशन पुरतं. रोज पिणाऱ्या पोराची दारू मात्र त्याला घरात कोंडून अचानक सोडवू नये. झटके येऊ शकतात, त्याला रुग्णालयातच न्यावं.