अँटॉप हिलच्या खासदाराचं पत्र आणि राष्ट्रपतिपदाच्या गमतीजमती

जुलै २०२२चा पहिला आठवडा. महाविकास आघाडीचं सरकार नुकतंच कोसळलेलं, शिवसेना उभी फुटलेली. अशा धामधुमीत दक्षिण-मध्य मुंबईचे तेव्हाचे खासदार राहुल शेवाळे यांनी उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं. अँटॉप हिलपासून धारावी, माहीम, चेंबूरपर्यंतचा भाग त्यांच्या मतदारसंघात येत होता. मागणी एकच होती : राष्ट्रपतिपदासाठी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा द्या. त्यासाठी दाखला दिला तो बाळासाहेब ठाकरे यांचा. त्यांनी प्रतिभाताई पाटील आणि प्रणव मुखर्जी यांना आघाडीची रेघ ओलांडून पाठिंबा दिला होता, हे पत्रात आवर्जून लिहिलेलं होतं.

१२ जुलैला उद्धव ठाकरे यांनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. त्यांचे मित्रपक्ष काँग्रेस आणि राष्ट्रवादी तेव्हा यशवंत सिन्हांच्या मागे होते. मजा पाहा, शिवसेनेचं नाव, चिन्ह, कार्यालय, सगळ्यावरून भांडण पेटलेलं असताना राष्ट्रपती कोण व्हावं यावर मात्र दोन्ही गटांचं एकमत होतं! मुर्मूंना ६,७६,८०३ मतमूल्य मिळालं, सिन्हांना ३,८०,१७७.

शिट्टी नाही, व्हीप नाही

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाला व्हीप काढता येत नाही. मतदान गुप्त असतं आणि पक्षांतरबंदी कायद्याचा बडगाही इथे चालत नाही. आमदाराने कुणाला मत दिलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून या निवडणुकीत एखाद्या मान्यवराचा शब्द फार मोलाचा ठरतो. तो ऐकायचा तर त्या माणसाबद्दलच्या आदरापोटीच ऐकायचा, सक्ती कसलीच नाही. आपल्या लोकशाहीतली ही मला सर्वांत आवडणारी जागा आहे.

शेखावत विरुद्ध शेखावत

२००७ची निवडणूक म्हणजे योगायोगांची खाणच. काँग्रेसकडून आधी लातूरच्या शिवराज पाटलांचं नाव पुढे होतं, डाव्यांना ते रुचलं नाही. मग जून महिन्यात नाव आलं प्रतिभाताई पाटील यांचं. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या, १९६२मध्ये सत्ताविशीतच आमदार झालेल्या, तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल असलेल्या. समोर होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, राजस्थानचे तीन वेळचे मुख्यमंत्री. अपक्ष म्हणून उभे, पण पाठीशी भाजपची आघाडी.

आता योगायोग मोजा. प्रतिभाताईंचे यजमान अमरावतीचे देवीसिंह शेखावत. म्हणजे आडनाव तेच, मूळही राजस्थानचंच! शिवाय पाच वर्षांपूर्वी, २००२च्या उपराष्ट्रपतिपदाच्या लढतीत याच भैरोसिंहांनी सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांना हरवलं होतं, ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी. एका मराठी माणसाला हरवून मिळवलेलं पद, आणि पुढची पायरी चढताना समोर मराठी बाई.

शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती, लोकसभेत २००४मध्ये निवडून आलेले १२ खासदार होते. भैरोसिंहांना ती मतं आपलीच वाटणं स्वाभाविक होतं. बाळासाहेबांनी मात्र सांगून टाकलं की मराठी स्त्री राष्ट्रपती होत असेल तर आम्ही आडवे येणार नाही. युती तुटली नाही, मतं मात्र गेली. २१ जुलैला निकाल लागला : प्रतिभाताई ६,३८,११६, शेखावत ३,३१,३०६. शेखावतांनी त्याच दिवशी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि २५ जुलैला देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती मिळाल्या. शिवसेनेची मतं नसती तरीही प्रतिभाताई आल्याच असत्या, आकडे तसं स्पष्ट सांगतात. तरी त्या पाठिंब्याची आठवण आजही निघते, कारण गरज नसताना कुणी आपली आघाडी सोडून आलं की त्याची नोंद लोक मनात ठेवतात.

ज्यांना मतच नव्हतं

या सगळ्यातली माझी लाडकी गोष्ट ही. बाळासाहेबांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही, त्यामुळे राष्ट्रपती निवडताना त्यांना स्वतःला मत नव्हतं. उद्धव ठाकरे विधान परिषदेवर गेले, पण परिषदेच्या आमदारांनाही हे मत नसतं. २०१९ला वरळीतून आदित्य ठाकरे विधानसभेत पोहोचले, तेव्हा कुठे या घरात राष्ट्रपती निवडणारं पहिलं मत आलं. शब्द दोन पिढ्या चालला, मतपत्रिका तिसऱ्या पिढीच्या हाती आली!

मत नसलेल्यांची यादी मोठी दिमाखदार आहे. लता मंगेशकर १९९९ ते २००५ राज्यसभेत होत्या, सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८. दोघंही राष्ट्रपतिनियुक्त सदस्य. आणि राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्यांना राष्ट्रपती निवडता येत नाही. त्यामुळे २००२मध्ये दीदींना मत नव्हतं, २०१२ आणि २०१७मध्ये सचिनला. उपराष्ट्रपती निवडताना मात्र नियुक्त सदस्य मत देतात.

१७५ची किंमत

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत केंद्राचे कर्मचारी राहतात, पण राष्ट्रपती निवडायला त्यांच्या वतीने जातो तो सायन कोळीवाड्याचा आमदार. त्याच्या मताची किंमत १७५. ती काढायची रीत सोपी : राज्याची १९७१ची लोकसंख्या घ्या, ती होती ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागा, मग पुन्हा १,०००ने. बरोबर, अजून १९७१चीच लोकसंख्या! कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून आकडा तिथेच गोठवला आहे.

उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७चं. गोव्यात २०. म्हणजे गोव्याची अख्खी ४० जणांची विधानसभा एका बाजूला उभी राहिली तरी ८०० होतात, आणि मुंबईतले पाचच आमदार ८७५ करतात. खासदाराचं मत पूर्वी ७०८ होतं. २०२२मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, म्हणून ते ७००वर आलं. त्या वर्षी महाराष्ट्रात एक खासदार बरोबर चार आमदारांएवढा ठरला.

मतदान मुंबईत विधानभवनात होतं. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. लिहायला निवडणूक आयोगाचंच जांभळ्या शाईचं पेन, दुसरं चालत नाही. मग पेटी विमानाने दिल्लीला जाते, आणि २०२२मध्ये तिच्यासाठी वेगळं तिकीट काढलं होतं. प्रवाशाचं नाव : ‘मिस्टर बॅलट बॉक्स’. जागा पुढच्या रांगेतली.

दोन वाघ

२०१२. भाजप पी. ए. संगमांच्या मागे, बाळासाहेब पुन्हा काँग्रेसच्या उमेदवारामागे. मतदानाच्या आठवडाभर आधी प्रणव मुखर्जी शरद पवारांसोबत ‘मातोश्री’वर गेले. सोनिया गांधींना ही भेट पसंत नव्हती, तरी पवारांचा आग्रह आपण मानला, असं मुखर्जींनी आठवणींत नोंदवलं आहे. मराठा वाघाने बंगालच्या वाघाला साथ द्यावी यात नवल ते काय, अशा अर्थाचं बाळासाहेब तेव्हा बोलले होते. मुखर्जी ७,१३,७६३ मतमूल्याने जिंकले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला बाळासाहेब गेले.

प्रत्येक वेळी त्यांचा माणूस जिंकलाच असं नाही. १९९७मध्ये राज्यात भाजपसोबत सत्तेत असूनही शिवसेना टी. एन. शेषन यांच्यामागे उभी राहिली. के. आर. नारायणन यांना ९,५६,२९०, शेषन यांना ५०,६३१. निवडणुकांना शिस्त लावणाऱ्या माणसाची अनामतच गेली.

पक्षाची रेघ ओलांडून दिलेल्या पाठिंब्याचा परदेशातला गाजलेला दाखला कॉलिन पॉवेल यांचा. रिपब्लिकन, अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीचे माजी अध्यक्ष, बुश यांचे परराष्ट्रमंत्री. १९ ऑक्टोबर २००८ला टीव्हीवर येऊन त्यांनी डेमोक्रॅट ओबामांना पाठिंबा दिला. समोरचे उमेदवार जॉन मकेन त्यांचे जुने स्नेही होते, हे विशेष.

चिंतामणरावांची दुसरी पसंती

मोनोरेलच्या नकाशात अँटॉप हिलच्या पुढचं स्टेशन आचार्य अत्रे नगर. संयुक्त महाराष्ट्रासाठी अत्र्यांनी लेखणी आणि वाणी झिजवली, तर त्याच प्रश्नावर १९५६मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं ते चिंतामणराव देशमुखांनी. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. हेच चिंतामणराव १९६९मध्ये राष्ट्रपतिपदाला उभे होते, हे आज फार थोड्यांना आठवतं.

त्यांच्यामागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी. रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही खुद्द इंदिरा गांधींची, आणि तरीही त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं की सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव १,१२,७६९. निम्म्याचा टप्पा कुणीच गाठला नाही. मग बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजायला घेतली, आणि त्यात मोठा गठ्ठा अर्थातच चिंतामणरावांचा. त्यातली बहुतेक मतं रेड्डींकडे वळली, त्यांनी झपाट्याने अंतर कापलं. तरी शेवटचा आकडा आला : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. काही महिन्यांतच काँग्रेस दुभंगली. हरलेले रेड्डी १९७७मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. आणि निकालासाठी पुढची पसंती मोजावी लागली अशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक आजवर ती एकच.