उघडता येणारं पेन

संपादकांनी दिलेला विषय वेगळा होता: शाईपेनांचं पुनरागमन. त्यासाठी मी संग्राहकांना भेटत होते. मखमलीच्या कप्प्यांत मांडलेली जर्मन, जपानी, इटालियन पेनं पाहत होते. पेनं देखणी होती आणि त्यांच्याबद्दल बोलणारी माणसं जाणकार. पण बहुतेकांच्या टेबलावर, त्या पेटीच्या बाहेर, एखादं स्वस्त चिनी पेन सुटं करून ठेवलेलं दिसायचं. निब एकीकडे, तिला शाई पुरवणारी जीभ दुसरीकडे, नळी पाण्याच्या वाटीत. महागाच्या पेनाबद्दल ते अभिमानाने सांगायचे. या सुट्या भागांकडे वळले की मात्र खुर्ची पुढे ओढून घ्यायचे. मग मीही त्याच बाजूला वळले.

या पेनांचा इतिहास थोडक्यात सांगते. शांघायमध्ये १९३१ साली हुआफू नावाचा पेन कारखाना सुरू झाला. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली; पुढे त्यातून कॅम्लिन उभी राहिली. हुआफूचं नाव १९६६ मध्ये बदलून ‘हिरो’ झालं. त्याआधी, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या पार्करला गाठायचंच अशी जिद्द या कारखान्याने जाहीरपणे धरली होती आणि त्यातून सोन्याच्या निबचं ‘हिरो १००’ आलं. त्याचं स्वस्त भावंड म्हणजे ‘हिरो ६१६’. आपल्याकडच्या मागच्या पिढीला ‘चायना पेन’ म्हटलं की आठवतं ते हेच: सडपातळ, चकचकीत धातूचं टोपण आणि निब जवळजवळ दिसतच नाही असं. मुंजीत मिळालेलं, पास झाल्याबद्दल मामाने दिलेलं हिरो पेन कित्येक घरांत अजून कपाटाच्या खणात असेल.

आज या घराण्याचा विस्तार मोठा आहे. शांघायचंच जुनं नाव असलेलं विंग संग, जाडजूड धातूची पेनं काढणारं जिनहाओ, मूनमन, होंगडियन. च्यांगशी प्रांतातलं वेनगांग हे गाव कुंचल्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. आज तिथे शाईपेनंही बनतात. चिनी लिपीत एका छोट्या चौकोनात बारीक रेघांची दाटी असते, म्हणून या पेनांच्या निबा मुळातच बारीक. आपल्या जोडाक्षरांना ती बारीक रेघ मानवते. ‘क्ष्म’ किंवा ‘ष्ट्र’ लिहिताना पोटातली जागा बुजत नाही.

पण मला गुंतवलं ते एका यंत्रणेने, आणि ती दाखवली चिंचवडच्या एका काकांनी. उभं आयुष्य त्यांनी टूलरूममध्ये फिटर म्हणून काढलं. निवृत्तीनंतर जेवणाच्या टेबलावर एक दिवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बारीक पॉलिश पेपरचे तुकडे एवढ्यावर ते ओळखीपाळखीच्या लोकांची पेनं ठीक करून देतात. पैसे घेत नाहीत. मी गेले तेव्हा त्यांच्या हातात विंग संग ६०१ होतं, पारदर्शक नळीचं.

“आधी शाई भरताना बघा,” ते म्हणाले, “मग बाकीचं बोलू.”

मागचं छोटं टोपण फिरवून काढलं की आत स्प्रिंगवर बसलेला एक दांडा दिसतो. निब दौतीत बुडवायची आणि दांडा दाबून सोडायचा. दाबला की आतली हवा बुडबुडे काढत बाहेर जाते. सोडला की स्प्रिंग दांड्याला वर ढकलते, आत पोकळी होते आणि शाई खेचली जाते. पुढच्या वेळी दांडा दाबल्यावर आत आलेली शाई परत का जात नाही? कारण पेनाच्या मधोमध एक बारीक नळी उभी असते. शाई त्या नळीतून वर चढते, तिच्या तोंडातून बाहेर पडते आणि भोवती साठते. पुन्हा दाबलं की नळीच्या उघड्या तोंडातून फक्त हवा निघते. साठलेली शाई खाली सुरक्षित राहते. शाईची पातळी नळीच्या तोंडापर्यंत पोचली की पेन आपोआप भरायचं थांबतं. काका दाबत-सोडत होते आणि निळी पातळी वर सरकताना मी पाहत होते. झडप नाही, वायसर नाही. एक स्प्रिंग, एक रबरी दट्ट्या, एक नळी.

कल्पना पार्करची. पार्करने असा दांड्याचा पंप १९३३ मध्ये ‘व्हॅक्युमॅटिक’ पेनांत आणला. त्यात रबरी पडदा होता. विंग संगने पडद्याऐवजी दट्ट्या बसवला. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या प्रसिद्ध पार्कर ५१ मध्येही सुरुवातीला तोच पंप होता. पार्करने अलीकडे ५१ पुन्हा काढलं, पण त्यात कार्ट्रिज बसते. दाबून भरण्याची गंमत आज साध्या किमतीत हवी असेल तर ती शांघायकडेच मिळते.

मग काकांनी निब झाकणारं पेनाचं नाक फिरवून सोडवलं. हिरो ६१६ असेल तर आधी कोमट पाण्यात धरावं लागतं, नाहीतर जुन्या शाईने चिकटलेलं नाक तडकतं. नाक निघालं आणि आतलं सगळं दिसू लागलं. निब म्हणजे एक इवलीशी अर्धी नळी, मुगाच्या दाण्याहून फार मोठी नाही. तिच्याखाली जीभ. आणि दोघींना कवेत घेणारा प्लास्टिकचा नळकांड्यासारखा भाग, त्यावर कागदासारख्या पातळ चकत्यांची रांग. या चकत्या शाईचा राखीव साठा धरतात. हाताच्या उबेने पेनातली हवा फुगते आणि शाई पुढे ढकलते. ती कागदावर टपकण्याऐवजी चकत्यांच्या फटींत जाऊन बसते. पेन थंड झालं की परत ओढली जाते. निब झाकण्यामागेही विचार आहे: पार्करने ५१ लवकर सुकणाऱ्या शाईसाठी आखलं होतं, आणि निब झाकली तर ती शाई निबवरच सुकत नाही.

“हे सगळं पोरांना पुस्तकात शिकवतात, केशाकर्षण म्हणून,” काका म्हणाले. “इथे बोटात धरून दाखवता येतं.”

पुढचा भाग कौशल्याचा. नव्या पेनाला साच्याचं तेल लागलेलं असतं, म्हणून आधी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी आतबाहेर खेळवायचं. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. मग भिंगाखाली निबचं टोक पाहायचं. टोकाशी कठीण मिश्रधातूचा बारीक मणी असतो आणि मधली चीर त्याचे दोन भाग करते. दोन्ही भाग एका पातळीत हवेत. एक वर असेल तर नखाने हलकेच खाली दाबायचा. चीर जास्त मिटली असेल तर पितळेची पातळ पट्टी सरकवून मोकळी करायची. लहानपणी आपण हेच काम दाढीच्या ब्लेडने करायचो आणि बऱ्याच निबा कामातून जायच्या. ब्लेड चिरेच्या आतल्या कडा खातं, पितळ खात नाही.

काकांची परीक्षा आपल्या लिपीची आहे. ते कागदावर लांबच लांब शिरोरेघा ओढतात. रेघ डावीकडून उजवीकडे ओढताना निब खरखरली आणि उलट ओढताना गुळगुळीत गेली, तर एक टोक वर आहे. रेघ सुरू होताना पहिला अर्धा मिलिमीटर कोरा राहिला, तर चिरेच्या आतल्या कडा जास्त गोल झाल्या आहेत आणि शाई कागदापर्यंत पोचत नाही. मग पॉलिश पेपरवर आठाचा आकडा काढत दोन-चार फेरे, पुन्हा भिंग, पुन्हा शिरोरेघ. घाई चालत नाही, कारण घासून गेलेला मणी परत येत नाही.

महागड्या पेनावर हे शिकायचं धाडस कुणी करणार नाही. दोन-पाचशे रुपयांच्या पेनावर करता येतं. जिनहाओच्या एक्स ७५० सारख्या पेनात निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असतात. ओढून काढायची आणि त्याच मापाची जर्मन निब बसवायची. निब पेनापेक्षा महाग पडते, तरी लोक हौसेने करतात. वस्तू उघडून तिचं काम समजून घेण्याची सवय आपल्या घरांतून झपाट्याने जाते आहे. ती टिकवणाऱ्या थोड्या वस्तूंत मी या पेनांना वरचं स्थान देते.

म्हणूनच त्यांच्या अडचणी मला सलतात. पहिली अडचण, एकाच खोक्यातली दोन पेनं सारखी निघत नाहीत. एक पहिल्या अक्षरापासून झुळझुळ चालतं, दुसऱ्याची निब तिरकी बसलेली असते. ज्याला दुरुस्ती येते तो रमतो. ज्याला साधं लिहायला पेन हवं होतं, तो ते खणात टाकतो आणि बॉलपेनाकडे वळतो. शाईपेन वाईट असतं एवढंच तो त्यातून शिकतो.

दुसरी अडचण प्लास्टिकची. जिनहाओ ९९२ च्या टोपणाला तडे जातात ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. झाकलेल्या निबच्या पेनांत नाक तडकतं आणि शाई बोटांवर येते. निब सुधारता येते, तडा जुळवता येत नाही.

तिसरी अडचण मापांची. चिनी पेनांत शाईच्या नळीची, म्हणजे कार्ट्रिजची, तोंडं मुख्यतः दोन मापांची असतात: २.६ आणि ३.४ मिलिमीटर. बाहेरून पेन पाहून कोणतं लागेल ते सांगता येत नाही. दुकानदाराला बहुधा माहीत नसतं. चुकीची नळी जोर लावून बसवली की ती सैल होते आणि शाई खिशात.

चौथी अडचण नकलांची. ज्या हिरो ६१६ ने पार्करचा आराखडा उचलला, त्याच ६१६ च्या नकलांनी आता बाजार भरला आहे. नाक आणि टोपण तेच, पण आतली निब पत्र्याच्या चिंधीसारखी. काका अशी पेनं हातातही घेत नाहीत. मूळ उचलेगिरीचं समर्थन मी करणार नाही. लॅमी, पायलट, ट्विस्बी यांच्या आराखड्यांवर बेतलेली चिनी पेनं उघड विकली जातात, आणि ज्यांनी ते आराखडे घडवले त्यांचा त्यात तोटा आहे. मूनमनची काही पेनं, पेनबीबीएसची बरीचशी, स्वतःच्या डोक्याने घडवलेली आहेत. पैसे द्यायचे तर आधी त्यांना द्यावेत असं माझं मत आहे.

पाचवी अडचण रस्त्याची. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, त्यांत अलीएक्सप्रेसही होतं. तोवर हौशी लोक थेट चीनमधून पेनं आणि सुट्या निबा मागवत. पेनं आजही मध्यस्थांकडून मिळतात, चढ्या दराने. सुटे भाग मात्र आटले. दोन-तीन रुपयांच्या रबरी दट्ट्यासाठी अख्खं पेन निकामी होतं. काकांनी त्यासाठी मोडक्या पेनांचा डबा जपून ठेवला आहे, पण सगळ्या राज्याची गरज एका डब्याने भागत नाही.

खुद्द शांघायचीही स्थिती भरवशाची नाही. ज्या कारखान्याने पार्करला गाठायची शपथ घेतली, त्याचा ४९ टक्के हिस्सा २०१२ मध्ये अवघ्या २५ लाख युआनला विक्रीला काढला गेला. तिथेही मुलं मोठी होऊन कीबोर्डवर जातात.

या सगळ्यांतली एक अडचण तरी आपल्या हातातली आहे. जे व्यापारी ही पेनं आणून विकतात, त्यांनी सोबत सुटी निब, सुटी जीभ आणि दट्ट्या विकायला ठेवावा, आणि डब्यावर नळीचं माप छापावं. आपल्याकडे पेनं घडवणाऱ्यांनीही हेच करावं. त्यांना तर कोणतीही सीमा ओलांडायची नाही. खर्च किरकोळ आहे. ते झालं तर चिंचवडच्या टेबलावर जे शिकवलं जातं ते कुठल्याही तालुक्याच्या गावी शिकता येईल. नाही झालं तर ही पेनंही वापरून फेकायच्या वस्तूंत जमा होतील, आणि त्या यादीत आधीच खूप गर्दी आहे.