नाबाद मीराबाईचा फसलेला डाव

क्रिकेट मैदानावर खेळतात ती बावीस माणसे. परंतु हा खेळ जगवितात ती मैदानाबाहेरची माणसे. टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर ठेवून फायली हाताळणारा कारकून, बाळ ज. पंडितांच्या धावत्या मराठी समालोचनातून खेळाचे बारकावे शिकलेला विद्यार्थी, कसोटी सामन्याच्या पाच दिवसांसाठी किरकोळ रजा जपून ठेवणारा शिक्षक अशी ही मंडळी. रजा, पगार आणि संसार यांच्याशी त्यांनी या खेळापायी घातलेला झगडा हे अस्सल विनोदाचे भांडार आहे. त्या भांडाराच्या दारापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतलेला चित्रपट म्हणून ‘मीराबाई नॉट आउट’ या हिंदी चित्रपटाची आठवण ठेवावयास हवी.

डिसेंबर २००८ मध्ये तो प्रदर्शित झाला. नायिका मीरा आचरेकर ही शिवाजी पार्क परिसरातील गणिताची शिक्षिका. वय तिशीचे, घर मराठी मध्यमवर्गीय आणि आराध्यदैवत अनिल कुंबळे. लग्न ठरण्याच्या वाटेवर तिचे हे क्रिकेटवेडच आडवे येते. दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी यांचे. ‘चारचौघी’सारखे नाटक रंगभूमीवर आणणारा आणि ‘बिनधास्त’, ‘कायद्याचं बोला’ हे मराठी चित्रपट देणारा हा दिग्दर्शक. २००३ च्या विश्वचषकाच्या वेळी दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचलेल्या मंदिरा बेदी नायिकेच्या भूमिकेत, जोडीला महेश मांजरेकर, वंदना गुप्ते आणि अनुपम खेर. एवढी सामग्री हाताशी असता अपेक्षा उंचावल्या, तर दोष प्रेक्षकांचा नव्हे.

मूळ कल्पनेतही मर्म होते. गणिताच्या शिक्षिकेने कुंबळेला दैवत मानावे यात एक सुरेख संगती आहे. यंत्र अभियांत्रिकीचा हा पदवीधर चेंडू हातभर वळविण्याच्या मोहात फारसा पडला नाही. टप्पा, वेग आणि उसळी यांचा हिशेब त्याने चिकाटीने मांडला. १९९९ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध ७४ धावांत दहाच्या दहा बळी; २००२ साली अँटिग्वात मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजी; आणि नोव्हेंबर २००८ मध्ये निवृत्त होताना १३२ कसोटींत ६१९ बळी. अशा अनाकर्षक, कष्टाळू थोरवीवर जीव लावणारी स्त्री ही साधी चाहती नव्हे. तिला खेळ कळतो. परंतु हे तिचे कळणे चित्रपटात विनोदाचा आधार होत नाही. कुंबळेच्या जागी दुसरा कोणताही खेळाडू बसविला असता, तरी कथेला फारसा धक्का बसला नसता.

विनोदाला किंमत मोजावी लागते, हे येथे विसरले गेले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक छंदाचे मूल्य म्हणजे त्याच्यापायी सोडून द्यावी लागणारी दुसरी वस्तू. पुरुषाने सामन्यापायी कचेरी बुडविली, तर ती गंमत ठरते. तिशीच्या अविवाहित स्त्रीने तेच केले, तर ते घराण्याचे संकट होते. हा दुजाभाव नेमका हेरून त्यावर हसविता आले असते. चित्रपट मात्र मीराच्या वेडावर हसतो; त्या वेडाचा हिशेब तिच्याकडेच मागणाऱ्या समाजाला तो मोकळा सोडतो. पुढे कथा ठरावीक प्रेमकथेच्या वळणावर जाते आणि संघर्ष गोडीगुलाबीने मिटतो. त्यातच कुंबळे स्वतः पडद्यावर अवतरतो. दैवत आणि भक्त यांच्यातील अंतरावरच भक्तीचा विनोद उभा असतो. ते अंतर मिटले की उरते ती केवळ पाहुण्या कलाकाराची हजेरी.

चित्रपट ज्या वर्षी आला, ते वर्षही ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबई दहशतवादी हल्ल्यातून सावरत होती आणि चित्रपटगृहांकडे पावले वळत नव्हती, हे खरेच. परंतु २००८ हेच वर्ष इंडियन प्रीमियर लीगच्या जन्माचेही. जानेवारीत तिच्या प्रक्षेपणाचे दहा वर्षांचे हक्क शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले गेले, फेब्रुवारीत खेळाडूंचा लिलाव झाला. या व्यवहारात विकली गेलेली खरी वस्तू होती प्रेक्षकांची नजर. मीरासारख्या लक्षावधींचे निरपेक्ष प्रेम त्याच वर्षी बाजारभावाने मोजले गेले आणि त्याचा मोबदला प्रेम करणाऱ्यांच्या पदरी पडला नाही. याहून विदारक आणि याहून विनोदी प्रसंग कोणता? तो या चित्रपटाच्या दाराशी उभा होता. कोणी त्याला आत बोलाविले नाही.

‘लगान’, ‘इक्बाल’, ‘चक दे इंडिया’ या चित्रपटांनी खेळाडूची जिद्द रंगविली आणि ती लोकांना भावली. प्रेक्षकाची जिद्द रंगविण्याची संधी मीराबाईला मिळाली होती. पाटीवर गणित सोडविता सोडविता मनात धावसंख्या मांडणारी ती शिक्षिका आजही शाळाशाळांतून आढळेल. तिच्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहणारा विनोदी चित्रपट अद्याप व्हावयाचाच आहे.