३९ थेंबांचा हिशेब

न्यूयॉर्कच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या रॉकेलच्या डब्यांना डाख लावायचं काम चाललं होतं. जॉन रॉकफेलरने विचारलं, एका डब्याला थेंब किती? ४०. मग ३८ लावून बघा, म्हणाला. काही डबे गळले. ३९ लावले, एकही गळेना. त्यानंतर त्याच्या स्टॅण्डर्ड ऑइलमध्ये ३९चाच नेम झाला.

ही कंपनी जानेवारी १८७०मध्ये क्लीव्हलँडला स्थापन झाली. पेनसिल्व्हेनियात १८५९ साली तेल लागल्यापासून जो उठे तो विहीर खणायला धावत होता. रॉकफेलर त्या जुगारात पडला नाही. त्याने तेल शुद्ध करायचा धंदा धरला. पिंपंसुद्धा घरचीच. लाकूड वाळवूनच आणायचं, म्हणजे वजन कमी आणि भाडंही कमी. अडीच डॉलरचं पिंप एका डॉलरच्या आत पडू लागलं.

इथवर कौतुकच करावं. पण हीच चिक्कू नजर पुढे रेल्वेच्या भाड्याकडे वळली. माझा माल ठरलेला, रोजचा. तेव्हा मला गुपचूप सवलत द्या, हे एकवेळ व्यापारी म्हणून समजू शकतं. १८७२च्या करारात मात्र प्रतिस्पर्ध्याने आपल्या मालाचं जे भाडं भरायचं, त्यातलाही वाटा रॉकफेलरच्या गोटाला मिळणार होता! वर कोणाचा किती माल कुठे चालला, याची खबर रेल्वेनेच पुरवायची. बोभाटा झाला, करार अमलात येण्याआधीच बारगळला. पण त्या धास्तीच्या काही आठवड्यांत क्लीव्हलँडमधले २६पैकी २२ कारखाने स्टॅण्डर्डच्या खिशात गेले. मोबदला रोख घ्या किंवा शेअर घ्या. ज्यांनी शेअर घेतले ते पुढे गब्बर झाले. रोखवाले जन्मभर शिव्या देत राहिले.

दहा वर्षांत देशातलं जवळजवळ ९० टक्के शुद्धीकरण एका हाती आलं. गिऱ्हाइकाला रॉकेल स्वस्तच मिळत होतं, म्हणून त्याची ओरड नव्हती. ओरड होती तेलपट्ट्यातल्या धंदेवाल्यांची. त्यांच्यातल्याच एकाची मुलगी आयडा टार्बेल. तिने १९०२पासून ‘मॅक्ल्यूअर्स’ मासिकात कोर्टाचे कागद उपसून लेखमाला लिहिली. पुढे सरकारने खटला भरला आणि १९११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे ३४ तुकडे केले. तुकड्यांचे शेअर असे वधारले की रॉकफेलर आणखीच श्रीमंत झाला.

त्यांपैकी दोन तुकड्यांच्या वारसांनी मिळून काढलेल्या स्टॅनव्हॅकने १९५४ साली मुंबईत तुर्भ्याजवळ, माहुलला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. पुढे तो एस्सोकडे गेला, १९७४मध्ये सरकारने घेतला. आज त्यावर हिंदुस्थान पेट्रोलियमची पाटी आहे.