गटिंगची गाठ: टेनिस रॅकेटची तार कुठे बांधायची

टेनिस रॅकेटचे गटिंग दोन गाठींवर किंवा चार गाठींवर संपते. उभ्या आणि आडव्या तारा एकाच सलग तुकड्याच्या असतील तर दोन गाठी, दोन वेगळे तुकडे घेतले तर चार. सुमारे १२ मीटर तार, म्हणजेच गट, फ्रेमच्या साठेक भोकांतून फिरतो आणि वळताना प्रत्येक भोकापाशी घर्षणाने थोडा अडतो. म्हणून मधल्या तारांचा ताण बराचसा जागच्या जागी राहतो आणि गाठीवर भार येतो तो मुख्यतः शेवटच्या एकदोन तारांचा. रॅकेट सैल पडायला सुरुवात होते तीही याच कडेच्या तारांपासून. त्यामुळे गाठ कशी मारायची याच्या आधी ती कुठे मारायची हे ठरवावे लागते, आणि हा निर्णय पहिली तार ओढण्यापूर्वी घ्यायचा असतो.

नाशिकसारख्या शहरात खेळाच्या साहित्याच्या दुकानातील मशीनवर बॅडमिंटनचे काम जास्त येते, टेनिसचे कमी. दोन्हींचे तंत्र वरवर सारखे दिसते, पण बॅडमिंटनचा गट ०.७० मिलिमीटरच्या आसपास जाडीचा आणि ताण साधारण २२ ते २८ पौंड. टेनिसचा गट १.२५ ते १.३० मिलिमीटरचा आणि ताण ५० ते ६० पौंड, म्हणजे २५ किलोच्या मागेपुढे. बॅडमिंटनचा बारीक, लवचिक गट चुकीच्या भोकातही कसाबसा मावतो. टेनिसचा जाड पॉलिएस्टर मावत नाही. तो जबरदस्तीने कोंबला तर भोकातली प्लास्टिकची नळी, म्हणजे ग्रॉमेट, फाटते किंवा त्या भोकात आधीच ताणून बसलेली तार खरवडली जाते.

उत्पादक यासाठी फ्रेममध्ये ठरावीक ठिकाणी मोठी भोके ठेवतो. इतर ग्रॉमेटमधून एकच तार जेमतेम जाते. गाठीच्या ग्रॉमेटचे तोंड दोन तारा मावतील इतके रुंद असते. रॅकेट उजेडात धरून पाहिली तर हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि गटाचा छोटा तुकडा घालून पाहिला की खात्री होते. प्रत्येक मॉडेलच्या आकृतीत ही भोके नोंदलेली असतात. डोक्याकडच्या भोकांना एच (हेड) आणि गळ्याकडच्या भोकांना टी (थ्रोट) हे अक्षर देऊन मध्यापासून बाहेर मोजत जातात. ‘६ टी’ म्हणजे गळ्याकडचे, मध्यापासून सहावे भोक. कोणती भोके उभ्या तारांनी सोडून द्यायची हेही त्याच आकृतीत असते, कारण ती आडव्या तारांसाठी राखलेली असतात.

आकृती हाताशी नसेल तर जुना गट कापण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे. मात्र आधीच्या कारागिराने गाठ योग्य जागीच मारली असेल असे गृहीत धरू नये. जुनी गाठ ज्या भोकात आहे ते खरोखर मोठे आहे का, हे तपासावेच लागते. जुना गट काढतानाही मध्यापासून सुरुवात करून बाहेर जात, उभ्या-आडव्या तारा आळीपाळीने कापतात. एकाच दिशेच्या तारा आधी मोकळ्या केल्या तर फ्रेमवर एकांगी दाब येतो.

गाठ कोणत्या टोकाला येणार हे साध्या हिशेबावर अवलंबून आहे. सध्याच्या बहुतेक रॅकेटमध्ये १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा असतात. १६ उभ्या म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ. सुरुवात गळ्यापासून झाली तर पहिली तार डोक्याशी संपते, दुसरी गळ्याशी, आणि आठवी पुन्हा गळ्याशी. सुरुवात डोक्याकडून झाली तर आठवी डोक्याशी संपते. १८ उभ्या तारांच्या रॅकेटमध्ये नवव्या तारेमुळे हे उलटते: जिथून सुरुवात, त्याच्या समोरच्या टोकाला शेवट.

हा हिशेब महत्त्वाचा ठरतो तो आडव्या तारांमुळे. त्या डोक्याकडून गळ्याकडे विणाव्यात असे बरेच उत्पादक सांगतात, कारण खालून वर विणताना फ्रेमचा बदलता आकार डोक्याच्या कमी आधार असलेल्या भागात लोटला जातो. उभ्या तारा डोक्याशी संपत असतील तर त्याच तुकड्याने सरळ वरून खाली विणता येते. त्या गळ्याशी संपत असतील तर दोन मार्ग उरतात. पहिला, दोन तुकड्यांचा: उभ्या तारांच्या दोन्ही टोकांना गळ्याशी गाठी मारायच्या आणि आडव्या तारांचा नवा तुकडा वरून सुरू करायचा. दुसरा, स्ट्रिंगर ज्याला ‘अराउंड द वर्ल्ड’ म्हणतात तो: कडेची एक उभी तार बाकी ठेवून आधी खालच्या काही आडव्या तारा विणायच्या, मग ती उभी तार ओढत वर जायचे आणि तिथून उरलेल्या आडव्या तारा खाली आणायच्या. याने दोन गाठी वाचतात, पण तुकड्याची लांबी आणि गाठीचे भोक दोन्ही आधी पक्के ठरलेले लागते. नवशिक्याने चार गाठींचाच मार्ग धरावा. दोन गाठी कमी झाल्याने खेळात जाणवण्याइतका फरक पडत नाही. चुकलेल्या हिशेबाने मात्र पूर्ण गट वाया जातो.

एकाहून अधिक मोठी भोके उपलब्ध असतील तेव्हा निवड करताना शेवटच्या तारेपासूनचे अंतर सगळ्यात आधी पाहायचे. शेवटची तार फ्रेमबाहेर येऊन खाचेतून गाठीच्या भोकापर्यंत जाते, तो तुकडा मशीनने ताणलेला नसतो. ताणलेली तार धरून ठेवणारा क्लॅम्प सोडला की ती गाठीकडे थोडी मागे सरकते, आणि हा तुकडा जितका लांब तितका ताणाचा तोटा जास्त. त्यानंतर तुकड्याचा मार्ग तपासायचा: तो तुकडा दुसऱ्या भोकावरून किंवा बाहेरच्या तारेवरून आडवा जाऊ नये, नाहीतर पुढची तार घालताना अडचण होते आणि दोन तारा एकमेकींना घासतात. ज्या तारेभोवती गाठ मारायची, तिला अँकर म्हणतात. ती आधीच पूर्ण ताणलेली असली पाहिजे. ढिल्या तारेवर मारलेली गाठ तिला बाजूला खेचते. आडव्या तारांच्या गाठीही बहुधा उभ्या तारेवरच मारतात.

शेवटच्या तारेचा तोटा भरून काढण्यासाठी अनेक जण ती २ ते ५ पौंड जास्त ताणतात. यावर कारागिरांत मतभेद आहेत. गाठ जवळच्या भोकात आणि घट्ट बसत असेल तर कमी वाढ पुरते. लांबच्या भोकाची भरपाई जास्त पौंडांनी करण्यापेक्षा जवळचे भोक शोधणे केव्हाही बरे.

नाशिकच्या खेळाडूंना या दोन-चार पौंडांचा विचार करण्याला आणखी एक कारण आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, पुण्याइतकेच. २०१८ पासून काही वर्षे एटीपी २५० स्पर्धा जिथे झाली ते पुण्यातले बालेवाडीही याच उंचीवरचे. या उंचीवर हवा मुंबईपेक्षा ५-६ टक्के विरळ असते आणि चेंडू थोडा लांब जातो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने मान्य केलेले उंचावरचे खास चेंडू १,२१९ मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी आहेत. म्हणजे इथे चेंडू नेहमीचाच राहतो आणि आवर घालायचा तर गटाचा ताण वाढवूनच घालावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे गेला की बंद गाडीत ठेवलेल्या रॅकेटचा ताण वेगाने उतरतो. नैसर्गिक गटाला पावसाळ्याची दमट हवा त्रास देते. ओलाव्याने त्याचे धागे सुटू लागतात आणि गाठीपाशी चुरगळलेला भाग आधी कमकुवत होतो.

गाठींचे प्रकार थोडेच आहेत. अँकरभोवती एकापाठोपाठ दोन अर्धे फास, ही सर्वांत साधी आणि बहुतेक गटांना पुरणारी. पार्नेल गाठीत दुसरा फास वेगळ्या बाजूने नेल्यामुळे ती आटोपशीर आणि गोल बसते. आडव्या तारांच्या सुरुवातीला मशीन थेट गाठीविरुद्ध ओढते, म्हणून तिथे जाड गाठ लागते. बारीक गाठ मोठ्या तोंडाच्या ग्रॉमेटमध्ये ओढली जाऊन अडकते. स्टार्टिंग क्लॅम्प असेल तर ही अडचण मुळातच टळते: पहिली तार फ्रेमबाहेर क्लॅम्पने धरायची, काही तारा विणून झाल्यावर ती पुन्हा ताणायची आणि नेहमीची गाठ मारायची.

गाठ हाताने आवळायची. टोक पक्कडीत धरून ती ग्रॉमेटला टेकेपर्यंत ओढायचे. मशीनच्या ओढीने आवळल्यास अँकर तुटू शकतो. नैसर्गिक गटात पक्कड फक्त कापल्या जाणाऱ्या टोकावरच लावावी. पॉलिएस्टर कडक असल्याने त्याचा पहिला फास नीट बसवल्याशिवाय दुसरा घालू नये. क्लॅम्प गाठ बसल्यानंतरच आणि हळू सोडायचा. टोक गाठीला चिकटून न कापता ५ ते ६ मिलिमीटर ठेवायचे, कारण पहिल्या काही तासांच्या खेळात गाठ अजून थोडी आवळते आणि तेवढे टोक आत जाते.