बॉलमधली हवा सोडताना

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आम्हीही आधी हसलो होतो. बॉलमधली हवा कशी सोडायची, यात सांगण्यासारखं काय आहे? टोचली पिन, निघाली हवा. पण एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या वस्तीतल्या मुलींचा खेळ दोन महिने जवळजवळ बंद पडला होता आणि गटाच्या पैशांतून घेतलेला एक नवाकोरा बॉल कायमचा गेला होता. म्हणून आज हे सविस्तर सांगायचं ठरवलंय.

चाकणजवळच्या आमच्या वस्तीत बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी कंपनीत जातं. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची दुसरी. मुली शाळेतून आल्या की धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी भरतात, कुकर लावतात. संध्याकाळचा एखादा तास तरी त्यांना स्वतःचा मिळावा, असं गटाच्या बैठकीत ठरलं. बैठकीला उशिरा येणाऱ्यांकडून घेतलेल्या दंडाची रक्कम साठली होती. त्यातून आम्ही दोन व्हॉलीबॉल आणि एक जाळी आणली आणि मोकळ्या प्लॉटवर बांबू रोवून ती बांधली. पहिल्या दिवशी चौदा मुली आल्या.

बॉल दुकानातून आले तेव्हा त्यांत हवा कमी होती. वस्तीतल्या पोरांनी ते चौकातल्या पंक्चरच्या दुकानात नेले आणि कॉम्प्रेसरने भरून आणले. दगडासारखे टणक झाले होते. आम्हाला वाटलं, छान भरले! मग दोन दिवसांत मुलींचे हात मनगटाच्या वर लालभडक व्हायला लागले. व्हॉलीबॉलमध्ये दोन्ही हात जोडून खालून बॉल उचलावा लागतो, तो सगळा मार तिथेच बसतो. आया म्हणाल्या, "हात सुजल्यावर भाकरी कोण थापणार? राहू दे तो खेळ." चौदाच्या चार मुली उरल्या. आम्हीही म्हणत राहिलो की मुलींना सवय नाही, होईल हळूहळू.

शेजारच्या वस्तीतले निवृत्त पीटीचे सर एका संध्याकाळी सहज आले. त्यांनी बॉल हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "अहो ताई, यात टायरची हवा भरलीय. मुली पळणार नाहीत तर काय?"

मग आम्ही लगेच हवा सोडायला बसलो आणि तिथे आमचीच चूक झाली. सरांची पिन येईपर्यंत आम्हाला धीर नव्हता. घरात गोधडी शिवायचा दाभण होता, तो घातला व्हॉल्व्हमध्ये. हवा निघाली, पण नंतर बॉल कितीही भरला तरी रात्रीतून मऊ पडायचा. तो बॉल गेलाच. दुसऱ्या बॉलच्या वेळी सरांनी समोर बसवून शिकवलं, तेच आता तुम्हाला सांगतो.

आधी बॉलच्या आत काय असतं ते पाहू. बाहेर कातड्याचं किंवा रेक्झिनचं आवरण, आत रबरी पिशवी, म्हणजे ब्लॅडर. त्या पिशवीला जाड रबराचा व्हॉल्व्ह असतो. पंक्चरवाले त्याला 'वॉल' म्हणतात. या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला एक बारीक चीर असते. बॉलमधली हवा त्या चिरेला सगळीकडून दाबून धरते, म्हणून ती आपोआप बंद राहते. हवा भरायची पिन पोकळ असते आणि तिच्या टोकाजवळ बाजूला भोक असतं. पिन चिरेतून पलीकडे गेली की त्या भोकातून हवा आत-बाहेर करू शकते आणि पिन काढली की चीर पुन्हा मिटते. दाभण, स्वेटरची सुई, सायकलची तार, पिना-टाचण्या पोकळ नसतात. त्या चिरेतून जात नाहीत, रबर फाडून जातात. फाटलेलं रबर पुन्हा मिटत नाही. आमचा बॉल असाच गेला.

आता हवा किती असावी ते पाहू. व्हॉल्व्हच्या आजूबाजूला बारीक अक्षरांत आकडा छापलेला असतो. पीएसआय लिहिलं असेल तर त्याला आपण पाउंड म्हणतो. किलो लिहिलं असेल तर एक किलो म्हणजे सुमारे १४ पाउंड, आणि बार म्हणजे जवळजवळ किलोच. व्हॉलीबॉलच्या नियमांत हवा ०.३० ते ०.३२५ किलो, म्हणजे सव्वाचार ते साडेचार पाउंडांच्या आसपास सांगितली आहे. फुटबॉलला जास्त लागते, साडेआठ ते साडेपंधरा पाउंड. बास्केटबॉलवर बहुतेक वेळा ७ ते ९ छापलेलं असतं. आता दुचाकीच्या टायरमध्ये किती भरतो ते आठवा, पंचवीस-तीस किंवा त्याहून जास्त. पंक्चरवाल्याचा हात टायरच्या हवेला बसलेला असतो. व्हॉलीबॉलला साडेचारच लागते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

आता हवा सोडायची रीत. एकेक पायरी सांगतो.

सगळ्यात आधी व्हॉल्व्हच्या तोंडावरची माती ओल्या फडक्याने पुसा. प्लॉटवरची वाळू पिनेबरोबर आत गेली तर चीर नीट मिटत नाही.

मग पिन पाहा. वाकडी, गंजलेली किंवा टोकाला खरबरीत झालेली पिन वापरू नका. पिन महाग नसते, दोन जास्तीच्या आणून ठेवा.

पिन ओली करा. कोरडी पिन रबराला ओढत, खरवडत आत जाते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लिसरीनचा एक थेंब उत्तम. नसेल तर साधं पाणी चालतं. मुलं पिन तोंडात धरून थुंकीने ओली करतात, ती सवय मोडा. पिन मातीत पडलेली असते, चार हातांत फिरलेली असते. आणि खोबरेल, गोडं तेल, ग्रीस, गाडीचं ऑइल अजिबात लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

बॉल मांडीवर किंवा जमिनीवर असा धरा की व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल. पिन सरळ उभी धरा, थोडी फिरवत हळूहळू आत घाला. तिरकी घालू नका आणि जोर लावू नका. जात नसेल तर काढा, पुन्हा ओली करा. आणि मैत्रिणींनो, तोंड बाजूला ठेवा. पिनेवर वाकून "येतेय का हवा" असं पाहू नका. हवेबरोबर पाण्याचा थेंब, धूळ, वाळूचा कण उडतो, आणि नीट न बसलेली पिनही बाहेर फेकली जाऊ शकते. लहान मुलांना तेवढा वेळ लांब बसवा.

पिन बसली की सूं आवाज येईल. बॉल खूपच टणक असेल तर नुसती हवा जाऊ द्या, दाबू नका. पिन आत असताना बॉलवर बसणं, गुडघा ठेवणं, भिंतीवर दाबणं हे सगळं टाळा. पिन आतच मोडली तर तो तुकडा काढता येत नाही आणि व्हॉल्व्ह जातो. अगदी गरज पडली तर दोन्ही तळव्यांनी दोन बाजूंनी हलकेच दाबा.

थोडी हवा सोडली की थांबा, पिन सरळ वर ओढून काढा आणि बॉल तपासा. हवेचा छोटा मीटर मिळतो, तो एकदाच गटाच्या खर्चाने घेऊन ठेवला तर अंदाजाचं काम राहत नाही. फक्त तो कमी आकडे नीट दाखवणारा असावा. टायरचा मीटर व्हॉलीबॉलच्या साडेचार पाउंडांना उपयोगी पडत नाही. मीटर नसेल तर आमचं साधं माप असं आहे: दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर बॉल किंचित दबला पाहिजे, आणि दहा-पंधरा वेळा हातांनी उचलल्यावर हात चुरचुरता कामा नये. चुकून जास्त हवा गेली तर हातपंपाने चार झटके मारा. हातपंपात बॉल एकदम फुगत नाही, हाच त्याचा मोठा फायदा.

शेवटी व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडे आले नाहीत, तर चीर मिटली. बारीक बुडबुडे आले तर पिन ओली करून पुन्हा एकदा घाला आणि काढा. कधी कधी अडकलेला कण तेवढ्याने सुटतो.

हवा सोडायची वेळ आणखी केव्हा येते? परीक्षेचे दिवस, सुट्टीत गावी जाणं, पावसाळा, असा बॉल बरेच दिवस पडून राहणार असेल तेव्हा थोडी हवा कमी करून ठेवावी. पण पूर्ण चपटा करू नये. घडी पडली की तिथेच आवरण आणि ब्लॅडर दोन्ही तडकतात. गोल आकार टिकेल एवढी हवा आत असू द्या. एसटीने किंवा पार्सलने पाठवायचा असेल तरी तसंच.

आणि उन्हाळ्यात जपा. आपल्याकडे पत्र्याच्या खोल्या, पत्र्याचे शेड फार. एप्रिल-मे महिन्यात आतली हवा भट्टीसारखी तापते. तापलेल्या हवेचा दाब वाढतो. सकाळी पंचवीस अंशांना साडेचार पाउंड भरलेला व्हॉलीबॉल पंचेचाळीस अंशांपर्यंत तापला तर दाब साडेपाचच्या आसपास जातो, म्हणजे कुणी हात न लावता तो टणक होतो. आधीच जास्त भरलेला बॉल पत्र्याखाली किंवा टेम्पोत ठेवला तर शिवण उसवते, कधी फुटतोही. म्हणून बॉल खाटेखाली, सावलीत ठेवा. पण दुपारी तापलेला बॉल टणक लागला म्हणून लगेच हवा सोडू नका. सावलीत अर्धा तास ठेवा आणि मग तपासा, नाहीतर संध्याकाळी तो मऊ झालेला असेल.

थंडीत याच्या उलट होतं. अमेरिकेत जानेवारी २०१५ मध्ये यावरूनच मोठं प्रकरण झालं. तिकडचा फुटबॉल लांबट असतो आणि त्यात साडेबारा ते साडेतेरा पाउंड हवा हवी, असा नियम आहे. एका महत्त्वाच्या सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाचे बॉल मध्यंतरात मोजले तर हवा कमी भरली. मुद्दाम सोडली असा आरोप झाला. उबदार खोलीत भरलेल्या बॉलचा दाब थंड मैदानावर आपोआप उतरतो, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. संघाला दहा लाख डॉलर दंड झाला आणि टॉम ब्रेडी या नावाजलेल्या खेळाडूवर चार सामन्यांची बंदी आली. एक-दोन पाउंडांवरून एवढं रामायण झालं, आणि आमच्या मुली त्याहून कितीतरी जास्तीची हवा मुकाट्याने हातांवर झेलत होत्या.

आता कॉम्प्रेसरबद्दल. तुमच्यातल्या ज्या भोसरीत, चाकणला लाइनवर काम करतात, त्यांना एअर गन माहीत आहे. कंपनीच्या लाइनमध्ये साधारण सहा-सात किलोची हवा असते. व्हॉलीबॉलला लागते ०.३ किलो, म्हणजे ही वीसपट झाली. व्हॉलीबॉलच्या आत जेमतेम पाच लिटर जागा असते, ती अशा हवेने बघता बघता भरते आणि हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. टाकीवरचा काटा टाकीतली हवा दाखवतो, बॉलमधली नाही. म्हणून बॉल हातपंपानेच भरा. आणि त्याच एअर गनने सुट्टीच्या वेळी अंगावरची धूळ उडवणं, थट्टेत कुणाच्या अंगाला नळी लावणं हे तर कधीच नको. अशा थट्टेत आपल्या देशात माणसांचे जीव गेले आहेत. घरात तरुण मुलगा कंपनीत जात असेल तर त्याला हे आज रात्री जेवताना सांगा.

आमच्या दुसऱ्या बॉलमधली हवा सरांच्या समोर सोडली, तेव्हा मीटरने आधी अकरा दाखवले होते. साडेचारवर आणला. त्या संध्याकाळी चार मुलींनी तो उचलला आणि एकमेकींकडे पाहिलं. कुणीच हात झटकला नाही. दुसऱ्या दिवशी सात आल्या, महिनाभरात पुन्हा बारा. उरलेल्या दोघींच्या आयांकडे आम्ही अजून जातोय. आमच्या मुली नाजूक आहेत असं आम्ही दोन महिने समजत होतो, त्याचं वाईट वाटतं. आता हातपंप, पिन, ग्लिसरीनची बाटली आणि मीटर असं सगळं एका डब्यात ठेवलंय. डबा सांभाळायचं काम नववीतल्या एका मुलीकडे दिलंय. ती दर शनिवारी हवा मोजते आणि वहीत लिहिते, आपण गटाची बचत लिहितो तशीच.

तुमच्या वस्तीत, शाळेत बॉल असेल तर आज अंगठ्याने दाबून पाहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.